काढून ठेवलेली नऊ पानं

मल्लेश्वरम, बेंगळूरु
शुक्रवार, ११ जुलै २०२५

सुखदा,

तुझ्या वडिलांच्या 'बेडूकगणती'ची नवी आवृत्ती निघते आहे. त्यासाठी पुण्याहून संहिता नावाची संपादिका २ ऑगस्टला मूळ हस्तलिखित न्यायला येणार आहे. तिनं ते छापील पुस्तकाशी ताडून पाहिलं की तिला नऊ पानं जास्त सापडतील. ती नऊ पानं मी काढून ठेवली होती. हे तुला परक्या मुलीकडून कळू नये म्हणून लिहिते आहे.

चौदा वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र. तुझी खुशाली विचारत नाही. विचारली की उत्तर देणं आलं, आणि ते द्यावं की नाही हे तुझं तू ठरव. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. नागपूरचा पत्ता तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडून मिळवला.

तुझे अण्णा बरे आहेत. सत्त्याहत्तर पूर्ण झाली. दोन्ही मोतीबिंदू काढले. ऐकू कमी येतं, पण ते कबूल करत नाहीत. "शुभदा, तू हल्ली पुटपुटतेस," असं मलाच सुनावतात. मी आयुष्यात कधी पुटपुटले नाही, हे तुला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात पुस्तक कसं व्हायचं ते तू पाहिलं आहेस. पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाची रेघ केसासारखी सरळ, पण अक्षर असं की दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांना लागत नसे. म्हणून पक्की प्रत मी करायची. मुद्रितंही मीच तपासायची. छापून आलेलं पुस्तक अण्णा कधी उघडत नसत. "सासरी गेलेल्या मुलीच्या डब्याचं झाकण काढून बघू नये," म्हणायचे. सात कादंबऱ्या अशाच गेल्या. एका ओळीत माझा हात फिरला असता तरी त्यांना कळलं नसतं. सहा पुस्तकांत तो फिरला नाही. सातव्यात फिरला.

छापलेल्या पुस्तकाचा शेवट तुला पाठ असेल. २०९० सालचं बेंगळूरु. नगरसभेत प्रत्येक तळ्याची एक खुर्ची, आणि तिच्यावर बसून वर्षभर त्या तळ्याच्या वतीनं बोलणारा एक माणूस. पवित्रा ही तळ्यावरची बेडूक मोजणारी. सतरा वर्षं तिच्या वहीत शून्य. शेवटी तिचे वडील तिला स्टेशनवर सोडतात आणि म्हणतात, "जा. मागं वळू नकोस. इथं मोजण्यासारखं काही उरलेलं नाही." गाडी सुटते. समाप्त.

तो 'समाप्त' माझा आहे.

अण्णांच्या हस्तलिखितात त्यानंतर पान २१२ ते २२० आहेत. पवित्रा पुढच्याच स्टेशनवर उतरते आणि रुळांच्या कडेनं चालत परत येते. तिच्या लक्षात येतं की शून्यही कुणीतरी रोज मोजावं लागतं, नाहीतर एक आलेला कळत नाही.

त्या वेळी तू इंदिरानगरच्या कंपनीत होतीस आणि नागपूरच्या भूजलाच्या नोकरीचा कागद हातात होता. जावं की राहावं ते ठरत नव्हतं. पुस्तक आलं, तू वाचलंस आणि आठवड्यात गेलीस. तिथून अण्णांना तुझं कार्ड आलं, "शेवटचं पान वाचलं. तुमचं म्हणणं कळलं. आता यावर बोलायला नको."

तुला वाटलं, त्यांनी तुला जा म्हटलं. त्यांच्या डोक्यातलं शेवटचं पान वेगळं होतं. कार्ड वाचून ते मला म्हणाले, "परत ये म्हटलेलं तिला जाचलं. आता पुन्हा म्हणायचं नाही." मी तेव्हा अवरेकाईच्या शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

पानं मी का काढली? शेवट पटला नाही म्हणून. मी रसायनशास्त्राची पदवीधर. पस्तीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात प्रयोगशाळेत काढली. तसल्या तळ्यात बेडूक परत येत नसतात. लेखकानं वाचकाला खोटी आशा दाखवू नये, असं माझं मत होतं.

हे वाचून रागावलीस तर तसं लिही.

शुभदा आत्या


गुरुवार, २४ जुलै २०२५

सुखदा,

तुझं कार्ड मिळालं. "आत्या, हे कारण खरं नाही. तुला जे पटत नाही ते तू समासात लिहितेस. पानं काढत नाहीस." एवढंच. अक्षर अजून उजवीकडे कलतं.

बरोबर आहे तुझं. 'तळ्याची खुर्ची' या त्यांच्या आधीच्या कादंबरीच्या समासात मी एकशे चार शेरे लिहिले होते. अण्णांनी तीन मानले.

खरं कारण लिहिते. एकदाच लिहीन.

आमच्या कारखान्यात लोखंडी भागांवर क्रोमियमचा मुलामा चढायचा. त्याचं पिवळं सांडपाणी टाकीत शुद्ध करून मग गटारात सोडायचं, असा नियम. १९९८ ते २००४ ती टाकी आठवड्यातून तीनच दिवस चालायची. नमुना मी घ्यायची. टाकी चालू असेल त्या दिवशी घ्यायची आणि आठवड्याच्या अहवालावर सही करायची. नमुना खरा, सही खरी, आठवडा खोटा. मला कुणी धमकावलं नव्हतं. पहिल्यांदा मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "स्वल्प अॅडजस्ट माडी, मॅडम." थोडं जमवून घ्या. मी केलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ते गटार कुठं जातं हे मला ठाऊक होतं. अण्णांचा सगळ्यात आवडता नकाशा आपल्याच भिंतीवर होता. या शहरातली तळी कशी एकाच्या पायथ्याशी दुसरं अशी बांधलीत, वरचं भरलं की खालच्यात कसं उतरतं, ते त्यांनी पेन्सिलीनं काढलं होतं. खाली लिहिलं होतं, 'शहराचा खरा कायदा म्हणजे उतार. तो वॉर्डाची हद्द मानत नाही.' त्या उताराला आमच्या कारखान्याच्या खाली पहिलं तळं हुणसेकेरे. दर रविवारी संध्याकाळी तू नि अण्णा जिथं बेडूक मोजायला जायचात तेच.

तू बारा वर्षांची होतीस तेव्हा वहीत शंभरावर आकडा असायचा. अठराची झालीस तेव्हा नऊ. तू विचारायचीस, "आत्या, कमी का होतात?" मी म्हणायचे, "पाय धू आधी." तुझ्या पायांवर पुरळ उठायचं. मी खोबरेल तेल लावायचे. कशानं उठतं ते मला माहीत होतं.

२००९ साली मी हे अण्णांना सांगितलं. दोन वर्षांनी 'बेडूकगणती'ची पानं हातात आली. मी प्रत करत करत २१४ वर पोचले आणि तिथं एक बाई उभी होती. प्रयोगशाळेतली. सही करणारी. माझ्यासारखीच केसांची पिन दातात धरून बोलणारी.

मी लेखणी खाली ठेवली. पुढचं वाचलं नाही. २११ च्या शेवटी 'समाप्त' लिहिलं आणि नऊ पानं माझ्या ट्रंकेत, रेशमी साड्यांच्या खाली ठेवली. ती आजतागायत मी वाचलेली नाहीत. पवित्रा परत येते एवढं मला ठाऊक होतं, कारण शून्याचं ते मनात येऊन ती २१३ वरच गाडीतून उतरते.

आणखी एक. शेवट फार अंगावर आला, अशी वाचकांची पत्रं यायची. अण्णांच्या वतीनं उत्तरं मी द्यायची. "लेखकाला हेच म्हणायचं होतं," असं मी अठ्ठावीस जणांना कळवलं आहे.

टाकी कुणी बंद ठेवली हे विचारू नकोस. कारखाना बंद झाला, मालक वारले. सही माझी आहे.

आत्या


रविवार, ३ ऑगस्ट २०२५

सुखदा,

तू लिहिलंस, "आधी ती पानं वाच. मग अण्णांना सांग. त्यानंतर मला लिही." हुकूम करायला तू माझ्याकडूनच शिकलीस. त्याच क्रमानं केलं.

बुधवारी सकाळी वाचली. २१४ वर तेलाचा डाग आहे. तो माझा.

ती बाई पुढं काय करते ते सांगते. तिला शिक्षा होत नाही. त्या शहरात कायदा असा आहे की तळ्याचं ज्यानं वाईट केलं, त्यानंच तळ्याच्या खुर्चीवर बसायचं आणि तळ्याच्या वतीनं बोलायचं. का, तर तळ्याला काय झालं हे त्याच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला माहीत नसतं. ती बाई बसते. वर्ष संपतं तरी उठत नाही. पवित्रा गेल्यावर रोज संध्याकाळी वही घेऊन काठावर जाते आणि शून्य लिहिते. शेवटच्या पानावर पवित्रा परत येते तेव्हा बाई वही पुढं करते. म्हणते, "एकही खाडा नाही. आज काहीतरी वाजतंय. बेडूक आहे का सांग. मला ओळखता येत नाही."

पान २२० तिथं संपतं.

चौदा वर्षं मी माझ्यावरचा आरोप साड्यांखाली दडवला, असं समजत होते. तो आरोप नव्हता. मला काम सांगितलेलं होतं.

मग अण्णांना सांगितलं. ते उप्पीट खात होते.

"अण्णा, तुमच्या पुस्तकातली नऊ पानं मी काढली."

"काय? पुटपुटू नकोस."

"नऊ पानं काढली. बेडूकगणतीची. शेवटची."

"कुणी काढली?"

"मी." हे इतक्या मोठ्यानं म्हणावं लागलं की शेजारच्या कस्तुराबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

अण्णांनी चमचा ठेवला. "मग पुस्तक संपतं कुठं?"

"स्टेशनवर."

"म्हणजे मी तिला जा म्हणालो."

"हो."

"मागं वळू नकोस म्हणालो."

"हो."

"आणि तिचं ते कार्ड..."

"हो, अण्णा."

त्यांनी उप्पीट संपवलं. ताट स्वतः धुतलं. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लोणचं हवं असलं की बरणीकडे बघत बसायचे, मी सरकवायची. शुक्रवारी दुपारी एकदम म्हणाले, "ती बाई मी बरी लिहिली होती."

"मी तेव्हा वाचली नव्हती."

"आता?"

"परवा वाचली."

"मग?"

"दोनशे सतरावर एक वाक्य फार लांब आहे."

"शेरा नामंजूर," म्हणाले. मग थोडं हसले. मग चष्मा काढून पुसत राहिले, बराच वेळ. चष्मा स्वच्छच होता.

काल संहिता येऊन गेली. तिशीची, हुशार. अण्णांचं अक्षर तिला अर्ध्या तासात लागलं. मला सहा महिने लागले होते. नऊ पानं वाचून म्हणाली, "सर, हे टोटली वेगळं पुस्तक आहे. मॅडम, तुम्ही एंडिंग कट केलं? सीरियसली?" मी म्हटलं, "हो. त्याबद्दल एक निवेदन मी माझ्या नावानं लिहून देणार आहे, ते छापा." मग तिनं अण्णांना विचारलं, कुठला शेवट छापायचा. चौदा वर्षांत त्या स्टेशनवरच्या शेवटावर लोकांनी लेख लिहिलेत, कॉलेजांत तो शिकवतात, वगैरे.

अण्णा म्हणाले, "सुखदाला विचारा. आम्ही दोघांनी नुसता लिहिला आणि खोडला. तिनं तो जगून पाहिलाय."

तेव्हा निर्णय तुझा. संहितेनं सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत दिली आहे. हस्तलिखित मी तिला दिलेलं नाही. छायाप्रती दिल्या.

आत्या


सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

सुखदा,

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते, कारण काल एक गोष्ट घडली आणि ती कळवायला थांबता येत नाही.

तू गेलीस तरी अण्णा दर रविवारी हुणसेकेरेला जातात, हे तुला माहीत नसेल. नागराजची रिक्षा ठरलेली आहे. साडेपाचला निघायचं, सातला परत. मी कधी गेले नव्हते. कशाला जाईन? काल गेले. खुर्चीवर बसायचं तर तळं निदान बघावं.

तळं बदललं आहे. तिथल्या रहिवाशांनी गटाराचं तोंड वळवून घेतलं, गाळ काढला, काठावर वाळा लावला. पाणी निर्मळ नाही, पण मेलेलंही नाही. मी वास घेऊन बघितला. माझं नाक अजून चालतं. तरी एक बाटली भरून आणली आहे, ती तपासायला द्यायची आहे. वासावर अहवाल लिहीत नाहीत.

अण्णा दगडावर बसले, डोळे मिटले, वीस मिनिटं कान देऊन ऐकत राहिले. मग वही उघडून शून्य लिहिलं. मागची पानं मी उलटली. चौदा वर्षं, एकेका रविवारी एक शून्य. कोविडचे आठवडे तेवढे कोरे, त्यावर लिहिलं आहे, 'पोलिसांनी अडवलं.'

आणि सुखदा, ते शून्य लिहीत होते तेव्हा माझ्या डावीकडे कुणीतरी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवत होतं. एक नाही. बरेच.

मी नागराजकडे बघितलं. "हे काय वाजतंय?"

"कप्पे, अक्का. बेडूक. दोन वर्षं झाली, पावसात लई ओरडतात."

"मग अण्णांना सांगितलं नाहीस?"

"मला काय ठाऊक, अक्का? डोळे मिटून बसतात, मग वहीत एक गोल काढतात. मी समजलो ध्यान करतात. देवाच्या मधे कशाला बोलायचं?"

ज्या माणसानं आयुष्यभर लिहिलं की शून्य मोजत राहा, नाहीतर एक आलेला कळत नाही, त्याच्याच कानाला एक आलेला कळला नाही. मी त्यांना सांगितलं. आधी पटेना. मग मी त्यांचा हात धरून वाळ्यातल्या एका झुडपापाशी नेला. आत काही फुगत होतं, बसत होतं. ते त्यांनी बघितलं. डोळे नवे आहेत ना. म्हणाले, "कंगवा की पापड?"

ही तुम्हा दोघांची नावं. कंगवा कुठला, पापड कुठला, मोटार कुठला, मला कधी कळलं नाही. तुम्ही जेवताना आवाज काढून दाखवायचात आणि मी "ताटाकडे लक्ष द्या" म्हणायचे. आता ते ऐकू शकत नाहीत आणि मला ओळखता येत नाहीत. मी कादंबरीतलं वाक्य उसनं घेत नाही. मला खरोखर ओळखता येत नाहीत.

मी तुला ये म्हणत नाही. तो हक्क मी नऊ पानांबरोबर ट्रंकेत ठेवला. अण्णाही म्हणणार नाहीत. त्यांनी स्वतःला घातलेली बंदी अजून उठवलेली नाही, आणि ती तूच उठवू शकतेस. मी फक्त कळवते आहे की पाऊस ऑक्टोबरपर्यंत आहे, बेडूक त्यानंतर गप्प होतात, वहीत चुकीचा आकडा पडतो आहे आणि तो दुरुस्त करणारं माणूस सध्या नागपुरात आहे.

मला माफ कर असं लिहिणार होते. तीन वेळा लिहून खोडलं. शब्द बरोबर आहे, पण तो लिहिला की काम झाल्यासारखं वाटतं. काम झालेलं नाही. त्याऐवजी माझं निवेदन सोबत जोडते. संहितेला हेच दिलं आहे. तारखा, टाकी, सही, नऊ पानं, सगळं त्यात आहे. समासात शेरे लिहायला जागा सोडली आहे.

आत्या

ता. क. तुझी जुनी रबरी बुटं फडताळात आहेत. तळवे शाबूत आहेत. मी तपासले.


नोंद
हुणसेकेरे, रविवार, १४ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं

शुभदा यांनी सुखदा यांना दिलं:

'बेडूकगणती', मूळ हस्तलिखित, पान १ ते २२०, अखंड. २१४ वर तेलाचा डाग, देण्याआधीचा.

बेडकांच्या वह्या, एकूण अकरा. पहिल्या चार सुखदाच्याच हातच्या. शेवटची अर्धी कोरी.

तळ्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल, एक. नमुना १७ ऑगस्टला घेतलेला, त्याच एका दिवसाचा असं वर स्पष्ट लिहिलेलं. क्रोमियम मर्यादेच्या आत.

रबरी बुटं, एक जोड. डावं घट्ट होतं आहे.

सुखदा यांनी शुभदा यांना दिलं:

निवेदन, समासात सतरा शेऱ्यांसह परत. मी पंधरा मानले.

संहितेसाठी चिठ्ठी, एका ओळीची: 'नऊ पानं छापावीत, आत्याचं निवेदन त्यांच्या मागे यावं, पुढे नाही.'

खोबरेल तेलाची बाटली, एक. कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

आजचा आकडा: कंगवा एकवीस, पापड चार, मोटार एक. मोजले सुखदानं. लिहिले मी. अण्णांनी विचारलं, "किती?" सुखदानं सांगितलं. "पुटपुटू नकोस," म्हणाले. तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा नागराजनंही सांगितलं.

पुढच्या रविवारपासून मोजणी माझ्याकडे. तिन्ही आवाज सुखदानं मला फोनवर भरून दिले आहेत. ते मिळाल्याबद्दल ही सही.

शुभदा